सोया पेंडीऐवजी डुकरांच्या खाद्यात काय घालायचं, किती घालायचं आणि हिशोब कसा लावायचा

सोया पेंड परवडेनाशी झाली किंवा मिळेनाशी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अमुक पेंड मिळतेय, पोत्यावर प्रोटीन ४५ टक्के लिहिलंय, सोयाच्या जागी तेवढीच टाकली तर चालेल ना?" आता बघा, मक्याचं ग्लूटेन येतं त्यात प्रोटीन ६० टक्के असतं, सोया पेंडीत ४७-४८, म्हणजे आकड्यांवर गेलात तर ग्लूटेन भारी. पण त्या ६० टक्क्यांत लायसिन (प्रोटीनचा एक घटक) असतं १ टक्क्याच्या आसपास आणि सोयाच्या ४७ मध्ये असतं जवळपास ३ टक्के. डुकराची वाढ या लायसिनवर अडते, पोत्यावरच्या आकड्यावर नाही. त्यामुळे "कुठली पेंड घालू" याच्या आधी "लायसिन किती जातंय" हे विचारायचं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पोत्यावरचं प्रोटीन म्हणजे काय तर लॅबमध्ये नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, बस्स. त्या नायट्रोजनमध्ये चांगलं प्रोटीनही आलं, जळून निकामी झालेलं प्रोटीनही आलं आणि कुणी युरिया मारला असेल तर तोही आला. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणू युरियातून थोडंफार प्रोटीन बनवतात, डुकराचं पोट आपल्यासारखं एका कप्प्याचं, त्याला त्या युरियाचा काही उपयोग नाही, उलट त्रासच.

डुकराला प्रोटीन म्हणून प्रोटीन लागतच नाही, लागतात अमिनो अॅसिड, म्हणजे प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं ते. धान्यावर चालणाऱ्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन, मग थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन यांचा नंबर. यांचं एक प्रमाण ठरलेलं असतं, लायसिन १०० धरलं तर थ्रिओनिन साधारण ६० ते ६५, मेथिओनिन आणि सिस्टीन मिळून ५६ ते ६०, ट्रिप्टोफॅन १७-१८, व्हॅलिन ६५ च्या आसपास. यातलं एक जरी कमी पडलं तर बाकीची कितीही असू देत, गाडीचं एक चाक पंक्चर असताना उरलेल्या तीन चाकांत हवा भरत बसण्यासारखं होतं. जास्तीचं प्रोटीन मग मोडून लघवीवाटे बाहेर जातं, शेडमध्ये अमोनियाचा वास वाढतो, पैसे आपले गेलेले असतात.

आता कुठल्या वयाला किती लागतं ते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ साली जे आकडे दिले तेच जगभर पाया म्हणून धरतात. पचणारं लायसिन, म्हणजे लॅबमध्ये दिसणारं सगळं नाही तर आतड्यातून खरंच शोषलं जाणारं, ११ ते २५ किलोच्या पिलांना खाद्याच्या १.२३ टक्के, २५ ते ५० किलोला ०.९८, ५० ते ७५ ला ०.८५, ७५ ते १०० ला ०.७३ आणि त्यापुढे ०.६१. वजन वाढेल तशी गरज उतरत जाते आणि खरी संधी इथेच आहे. मोठ्या डुकरांच्या खाद्यात दुसऱ्या पेंडी खपवायला भरपूर जागा असते, लहान पिलांच्या खाद्यात जवळजवळ नसतेच. बरेच जण नेमकं उलटं करतात, सगळ्या वयाला एकच खाद्य, आणि मग त्या एका खाद्यात स्वस्त पेंड ढकलतात, पिलं खुरटतात आणि मोठ्यांना गरजेपेक्षा जास्त जातं.

एक हिशोब करूनच दाखवतो, कारण तोंडी सांगून हे डोक्यात बसत नाही. २५ ते ५० किलोच्या डुकरांसाठी १०० किलो खाद्य घेऊ. मका ६९.३ किलो, सोया पेंड २७ किलो, मिनरल-व्हिटॅमिन-मीठ-डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) वगैरे ३.५ किलो, आणि बाजारात मिळणारं लायसिन एचसीएल २०० ग्रॅम. पचणारं लायसिन मक्यात साधारण ०.१९ टक्के, साल काढलेल्या सोया पेंडीत २.६३ टक्के. लायसिन एचसीएलमध्ये शुद्ध लायसिन ७८.८ टक्के असतं. म्हणजे मक्यातून १३२ ग्रॅम, सोयातून ७१० ग्रॅम, पुडीतून १५८ ग्रॅम, झाले बरोबर १००० ग्रॅम, म्हणजे १ टक्का. गरज ९८० ग्रॅमची, भागलं.

आता यातली १२ किलो सोया काढून १२ किलो शेंगदाणा पेंड टाका. शेंगदाणा पेंडीत प्रोटीन ४५ टक्के, म्हणजे एकूण खाद्याचं प्रोटीन १८.६ चं १८.३ होतं, कागदावर काहीच झालं नाही. पण तिच्यातलं पचणारं लायसिन असतं १.१८ टक्के. सोयातून ३१६ ग्रॅम गेले, शेंगदाण्यातून १४२ आले, एकूण उरले ८२६ ग्रॅम. हे तर ५० किलोच्या पुढच्या डुकराचं खाद्य झालं, त्यालाही थोडं कमीच, आणि आपण ते ३० किलोच्या डुकराला घालतोय! तूट १५४ ग्रॅमची, ती भरायला १५४ भागिले ०.७८८ म्हणजे साधारण १९५ ग्रॅम लायसिन एचसीएल जादा लागेल. इथेच थांबलात तर पुढचं चाक पंक्चर, कारण थ्रिओनिनही घसरलेलं असतं, ८०-९० ग्रॅम एल-थ्रिओनिन आणि ३०-४० ग्रॅम मेथिओनिनही लागतं. या पुड्या धरून शेंगदाणा पेंड स्वस्त पडते का, हा खरा हिशोब. कधी पडते, कधी नाही.

पुडी घेताना एक बघा, लायसिन दोन प्रकारात येतं, एचसीएल आणि सल्फेट. सल्फेटमध्ये शुद्ध लायसिन बरंच कमी, साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून लेबल वाचून भागाकार करायचा, नाहीतर एचसीएलच्या दोनशे ग्रॅमच्या जागी सल्फेटही दोनशेच ग्रॅम टाकून आपण निवांत बसतो.

आता तेच वाटाण्याचं करून बघा, चित्र वेगळं दिसतं. वाळलेल्या वाटाण्यात प्रोटीन फक्त २२ टक्के, पण पचणारं लायसिन १.३८ टक्के, म्हणजे दुप्पट प्रोटीनच्या शेंगदाणा पेंडीपेक्षा जास्त. वर स्टार्च भरपूर असतो म्हणून तो मक्याचंही काम करतो. ५ किलो मका आणि ५ किलो सोया काढून १० किलो वाटाणा टाकला तर लायसिन १४१ ग्रॅमचं १३८ होतं, म्हणजे जवळपास तेवढंच. मार खातो तो मेथिओनिन-सिस्टीनमध्ये, ७४ ग्रॅमच्या जागी ३७ च येतात, आणि ट्रिप्टोफॅनमध्येही. म्हणजे वाटाणा घातला की लायसिनची नाही, मेथिओनिनची पुडी लागते, आणि वाटाणा खूप वाढवला तर ट्रिप्टोफॅनचीही. वाढीच्या डुकरांना २० टक्क्यांपर्यंत वाटाणा बिनधास्त, अमिनो अॅसिड नीट बसवली तर ३०-४० टक्केही चालतो.

यातून एक सरळ युक्ती निघते. डाळवर्गीय दाणे लायसिनला चांगले आणि मेथिओनिनला गरीब, तर सूर्यफूल आणि तीळ यांच्या पेंडी मेथिओनिनला चांगल्या आणि लायसिनला गरीब. दोन्ही मिळून घातल्या की एकमेकांची तूट भरतात आणि पुड्या कमी लागतात. वाटाणा-सूर्यफूल ही जोडी मला वैयक्तिक फार आवडते, कारण दोघांतही विषारी म्हणावं असं काही विशेष नाही. एकाच पर्यायी पेंडीवर सगळा भार टाकण्यापेक्षा दोन-तीन थोड्या थोड्या घालणं केव्हाही बरं, प्रत्येकीचा दोष पातळ होऊन जातो.

आता एकेका मालाकडे येऊ. जिथे धोका आहे तिथे जास्त बोलतो, बाकीच्यांचं उरकतो.

शेंगदाणा पेंड डुक्कर आवडीने खातं, पचतेही, हिशोब वर झालाच. खरी भीती अफ्लाटॉक्सिनची. अॅस्परजिलस नावाची बुरशी शेंगेत शेतातच शिरते, ओल राहिली की गोदामात वाढते, आणि जे विष तयार होतं ते शिजवून, भाजून, उन्हात टाकून जात नाही. बुरशी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असंही नाही, पेंड दिसायला झकास आणि आत विष असं सर्रास होतं. लिव्हर खराब होतं, वाढ थांबते, लसीही नीट लागू पडत नाहीत कारण प्रतिकारशक्तीच खाली जाते. पिलांच्या आणि माद्यांच्या खाद्यात २० पीपीबीच्या (अब्जात २० भाग) वर अफ्लाटॉक्सिन नको ही मर्यादा धरून चाला, आणि लॉट मोठा असेल तर टेस्ट केल्याशिवाय उतरवूनच घेऊ नका. बेंटोनाइटसारखा बाईंडर, म्हणजे विष बांधून ठेवणारी माती, अफ्लाटॉक्सिनवर बऱ्यापैकी काम करतो हे खरं, पण तो सीटबेल्ट नाही की लावला आणि सुटलो, खराब माल चांगला होत नाही त्याने. प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवा, दूध तोडलेल्या पिलांना शून्य.

सरकी पेंड. हिच्यात गॉसिपॉल असतं, कापसाच्या झाडाचं नैसर्गिक विष. गायी-म्हशी रोज खातात म्हणून लोकांना वाटतं डुकरालाही चालेल, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉल बऱ्यापैकी बांधलं जातं, डुकराच्या नाही. मोकळं गॉसिपॉल एकूण खाद्यात १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भाग) वर जाऊ द्यायचं नाही. पेंडीत ते ०.१ टक्का असेल, म्हणजे १००० पीपीएम, तर १० टक्के पेंड घातली की बरोबर १०० पीपीएमला टेकलात. पेंड कशी काढली त्यावर हा आकडा खूप हलतो, त्यामुळे न तपासलेली सरकी पेंड असेल तर ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत. हे विष साठत जातं, पहिले काही आठवडे काही दिसत नाही आणि मग अचानक डुक्कर धापा टाकायला लागतं, हृदय गेलेलं असतं. यावर उपाय आहे, फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस. लोह गॉसिपॉलला बांधून ठेवतं आणि प्रमाण एकास एक. १०० किलो खाद्यात वरच्या हिशोबाने १० ग्रॅम गॉसिपॉल जातंय, तर १० ग्रॅम लोह हवं, आणि पाण्यासकटच्या फेरस सल्फेटमध्ये लोह २० टक्केच असतं म्हणून ५० ग्रॅम फेरस सल्फेट. पैदाशीच्या नराला आणि माद्यांना मात्र ही पेंड नकोच, त्यांच्या प्रजननावर परिणाम होतो. शिवाय सरकी पेंड बनवताना उष्णता लागते तेव्हा गॉसिपॉल लायसिनलाच जाऊन चिकटतं, म्हणजे लॅबच्या आकड्यात लायसिन दिसतं पण डुकराला मिळत नाही.

मोहरी आणि कॅनोला या दोन गोष्टी एक धरू नका, तिथे फार गोंधळ होतो. दोन्ही एकाच कुळातल्या, पण कॅनोला हा मुद्दाम पैदास केलेला प्रकार आहे, कॅनडात १९७४ साली याची पहिली जात आली, तेलात इरुसिक अॅसिड कमी आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट कमी. ग्लुकोसिनोलेट म्हणजे मोहरीचा जो नाकात जाणारा झणका असतो त्याचं मूळ. ते फुटलं की निघणारे पदार्थ थायरॉइडच्या मुळावर येतात आणि चव कडू झाल्याने डुक्कर खाणंच कमी करतं. एकूण खाद्यात ग्रॅममागे २ ते २.५ मायक्रोमोलच्या वर नको. कॅनोला पेंडीत १० असेल तर २० टक्के घातली तरी २ च होतात. जुन्या जातीच्या मोहरी पेंडीत तेच १०० च्या आसपास किंवा वर असू शकतं, मग ५ टक्के घातली तरी ५ झाले, दुप्पट. म्हणून कॅनोला वाढीच्या डुकरांना १५-२० टक्के आरामात, साधी मोहरी पेंड २-३ टक्के किंवा सोडूनच द्या. कॅनोलात लायसिनही बरं आहे, पचणारं दीड टक्क्याच्या आसपास, फक्त साल जास्त असल्याने एनर्जी कमी पडते, थोडं तेल वाढवावं लागतं.

आख्खं सोयाबीन. पेंड मिळत नाही पण सोयाबीनचे दाणे आहेत, अशी परिस्थिती असेल तर हा सगळ्यात चांगला पर्याय आहे, पण कच्चं अजिबात नाही. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, ते डुकराच्या प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतं, मग डुक्कर खातंय आणि वजन मात्र हलत नाही. भाजायचं असेल तर दाण्याचं आतलं तापमान ११५ ते १२५ सेल्सिअसपर्यंत जायला हवं आणि भट्टीतून निघाल्यावर अर्धा तास झाकून तसंच गरम ठेवायचं, वरवर करपलं आणि आत कच्चं असं होऊ द्यायचं नाही. थोडाच माल असेल तर भिजवून अर्धा तास खळखळ उकळला तरी काम होतं, फक्त मग तो लगेच वापरा किंवा नीट वाळवा. जास्त भाजलं तरी नुकसान, दाणा गडद तपकिरी झाला म्हणजे लायसिन साखरेशी बांधलं गेलं आणि वाया गेलं. तपासायला युरिएज टेस्टचं किट मिळतं, भरड्यावर युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण टाकायचं. इकडेतिकडे तुरळक लाल ठिपके आले तर बरोबर भाजलंय, पूर्ण पृष्ठभाग लालेलाल झाला तर कच्चं आहे, आणि एकही ठिपका आला नाही तर बहुतेक जास्त झालंय. आख्ख्या सोयात तेल १८-२० टक्के असतं, एनर्जी छान मिळते, पण शेवटच्या टप्प्यात जास्त घातलं तर चरबी मऊ, तेलकट होते आणि मांस घेणारा कटकट करतो. शेवटच्या महिन्यात १० टक्क्यांच्या आत आणा.

सूर्यफूल पेंड, साल काढलेली की सालासकट हे आधी बघा, प्रोटीन २८ पासून ३८ पर्यंत आणि साल तेवढीच उलटी हलते. वाढीच्या डुकरांना १०-१५ टक्के, गाभण माद्यांना जास्तही चालते, त्यांना साल उलट बरी, पोट भरल्यासारखं राहतं आणि बद्धकोष्ठ होत नाही. तिळाची पेंड १० टक्क्यांपर्यंत, कॅल्शियम आणि झिंककडे लक्ष ठेवून, कारण तिच्यात ही खनिजं बांधून ठेवणारे ऑक्झलेट आणि फायटेट भरपूर. जवस पेंड थोडीच, तिच्यात सायनाइड सोडणारा घटक आणि चिकट बुळबुळीतपणा दोन्ही असतं. खोबरा पेंडीत प्रोटीन २०-२२ च आणि लायसिन अगदी गरीब, मोठ्या डुकरांना १५ टक्के भराव म्हणून ठीक, सोयाची जागा ती घेऊ शकत नाही.

हरभरा, चवळी, तूर, बाकला हे सगळे वाटाण्याच्या वाटेने जाणारे. हरभरा १५-२० टक्के चालतो. बाकल्यात टॅनिन असतं, रंगीत फुलांच्या जातीत जास्त आणि पांढऱ्या फुलांच्या जातीत कमी, १५ टक्के पुरे. राजमा आणि त्याच्या जातीचे घेवडे मात्र कच्चे कधीच नाही, त्यातलं लेक्टिन आतड्याचं अस्तर बिघडवतं, खळखळ उकळूनच घालायचं. डाळ मिलची चुनी मिळते ती बऱ्याचदा नुसतं टरफल असते, हातावर घेऊन चोळा, पिवळा दाणा किती आणि साल किती ते लगेच कळतं. ल्युपिन नावाच्या डाळवर्गीय दाण्याची गोड जात असेल तर २० टक्क्यांपर्यंत, पांढरी ल्युपिन असेल तर डुक्कर खाणं सोडतं, तिच्या नादी लागू नका.

डीडीजीएस, म्हणजे धान्यातून अल्कोहोल काढल्यावर उरतं ते. प्रोटीन २७-३०, लायसिन ०.७ ते ०.९ आणि तेही किती पचतं ते वाळवताना किती तापवलं त्यावर. सोनेरी पिवळा माल चांगला, चॉकलेटी आणि करपट वासाचा नको. धान्यातला स्टार्च निघून गेल्याने बाकी सगळं तिप्पट घट्ट होतं, त्यात बुरशीचं विषही आलं, धान्यात झिअरॅलेनोन थोडं असेल तर इथे तिप्पट, आणि माद्या नीट माजावर येत नाहीत. बाईंडर झिअरॅलेनोनवर फारसा चालत नाही. वाढीच्या डुकरांना २० टक्के, शेवटी कमी करत न्यायचं, कारण चरबी मऊ होते ती इथेही.

हिरव्या पाल्याबद्दल दोन शब्द, कारण अझोल्याचे व्हिडिओ बघून लोक फार आशा लावून बसतात. अझोल्यात ९४ टक्के पाणी असतं. १० किलो ताजा अझोला म्हणजे ६०० ग्रॅम कोरडा, त्यात प्रोटीन २२ टक्के धरलं तर १३० ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅम सोया पेंडीपेक्षाही थोडं कमीच! गाभण मादीला वरखर्चाला म्हणून घाला, छान आहे, पण सोया बंद करून अझोल्यावर वाढीची डुकरं तयार होणार नाहीत. लसूणघास गाभण माद्यांना उत्तम. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं, केस गळतात, वाढ मंदावते, वाळवून ५ टक्क्यांच्या आत.

आणि एरंडी, करंज, कडुनिंब, जट्रोफा यांच्या पेंडी खत म्हणून येतात त्या खतच राहू द्या. एरंडी पेंडीतलं रिसिन थोडंसं गेलं तरी जनावर मरतं. खताची आणि खाद्याची पोती एकाच खोलीत ठेवू नका, पोतं बदललं की संपलं.

माल उतरवताना चार गोष्टी पाच मिनिटांत होतात. मूठभर पेंड घट्ट दाबून सोडा, गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, १२ टक्क्यांच्या वर ओलाव्याचा माल साठवायचा नाही. ग्लासात पाणी घेऊन चमचाभर टाका, वाळू-माती तळाशी बसते आणि टरफल वर तरंगतं. थोड्या मालावर पातळ अॅसिड टाका, फेस आला तर चुनखडी मिसळलीय. आणि युरियाचा संशय असेल तर कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि तो माल कोमट पाण्यात कालवून झाकण लावून ठेवा, थोड्या वेळाने उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला तर युरिया आहे, कारण कच्च्या सोयातलं युरिएज युरियाचा अमोनिया करतं. भाजलेल्या सोयाचं पीठ घेऊन हे होणार नाही, कच्चंच हवं. घाण्याची पेंड असेल तर वासही घ्या, तेल जास्त राहतं त्यात आणि ते खवट होतं.

कुणाला काय चालतं ते थोडक्यात. नुकत्याच दूध तोडलेल्या पिलांवर प्रयोग नको. त्यांना सोयासुद्धा जास्त झाली तर तिच्यातल्या प्रोटीनची अॅलर्जी होऊन हगवण लागते, बटाट्याचं प्रोटीन किंवा चांगलं प्रोसेस केलेलं सोया प्रोटीन मिळालं तर त्यांच्यासाठी वापरा. २५ किलोच्या पुढे थोडं थोडं सुरू करा, ५० च्या पुढे हात सैल सोडा. गाभण मादी साल पचवते आणि तिची लायसिनची गरजही कमी, स्वस्त पेंडींचा सगळ्यात जास्त फायदा तिथेच. पण तीच मादी विऊन दूध पाजायला लागली की तिला साल नको, तिची भूक आधीच कमी आणि गरज दुप्पट, तिथे पुन्हा सोयावर या.

मिक्सिंगमध्ये माती खाऊ नका. भरडा ६००-७०० मायक्रॉनचा हवा, वाटाणा-हरभरा कडक असतो, जाड राहिला तर शेणात आख्खे तुकडे दिसतात. लायसिन, मेथिओनिन, हिराकस या ग्रॅममधल्या गोष्टी सरळ मिक्सरमध्ये ओतायच्या नाहीत, आधी ५ किलो मक्याच्या पिठात नीट कालवायच्या आणि मग ते पीठ मिक्सरमध्ये. उभ्या मिक्सरला १२-१५ मिनिटं द्या, आडव्याला ५ पुरतात. सालवाल्या पेंडी वाढल्या की फायटेज एन्झाइम घाला, बांधलेला फॉस्फरस सुटतो आणि डीसीपी कमी करता येतं.

नवीन खाद्य एकदम सुरू करू नका, ७ ते १० दिवसांत चौथाई-चौथाई करत बदला. पहिल्या आठवड्यात गव्हाणीत रोज काय उरतंय ते बघा, पीठ उरतंय की टरफल, वेचून खातायत का, शेण पातळ झालंय का. खाणं १० टक्क्यांनी पडलं तर चवीचा प्रश्न आहे, प्रमाण निम्मं करून परत चढवा. खाणं तेवढंच आहे पण वजन येत नाही आणि डुकरं गोल, चरबाळ दिसायला लागली तर समजा लायसिन कमी पडतंय, कारण मांस बनवायला अमिनो अॅसिड नसलं की उरलेली एनर्जी चरबीत जाते.

आणि सगळ्या डुकरांवर एकदम नको. एकाच वजनाची, एकाच वयाची डुकरं दोन कप्प्यांत करा, नर-मादी दोन्हीकडे सारखे, एका कप्प्याला जुनं खाद्य आणि एकाला नवीन, पाणी-जागा सगळं सारखं. सुरुवातीला वजन करा, महिन्याने करा, मध्ये गेलेलं खाद्य आणि उरलेलं खाद्य दोन्ही लिहून ठेवा. मग बघायचा आकडा एकच, एक किलो वजन वाढायला किती पैशांचं खाद्य लागलं. जुन्या खाद्यावर किलोमागे २.७ किलो लागत होतं आणि नव्यावर २.९ लागलं, तर नवं खाद्य किलोमागे किमान ७ टक्के स्वस्त असायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. त्यात डुकरं विक्रीच्या वजनाला उशिरा पोचली तर तेवढे दिवस कप्पा अडतो, तोही खर्च मोजा. पुढचा लॉट आला की त्या मालाचं प्रोटीन आणि ओलावा परत तपासायचा, पेंड बदलली की वरचा लायसिनचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.